चाक वाढले, ब्रेक तेवढाच!

दिवाळी जवळ आली की पूर्वी घरात रेडिओ येई, शिवणयंत्र येई, फार झाले तर दारात एखादी स्कूटर उभी राही. आता मध्यमवर्गीयाच्या दारी चारचाकी आली. आणि चारचाकीतही ज्याला त्याला डोंगरावर चढणारी जीप हवीशी वाटू लागली. सणाच्या आधीच्या एखाद्या रविवारी पुण्या-ठाण्याच्या किंवा नाशिकच्या मोठ्या टायर-दुकानापाशी घटकाभर उभे राहून पाहावे. नवरदेवाला फेटा बांधावा तशी तिथे जीपगाड्यांना नवी चाके चढत असतात. बाजूला काळ्याकभिन्न, खोल खाचांच्या, कमरेपर्यंत येणाऱ्या टायरांची चवड रचलेली असते. मालक बहुधा पंचविशी-तिशीचा. आणि त्याच्या चेहऱ्यावर गड सर केल्याचा आनंद!

घरी मात्र या आनंदावर सभा भरते. चिरंजीव म्हणतात, "बाबा, गाडी कशी रुबाबदार दिसते पाहा!" वडील म्हणतात, "अरे, चांगले टायर काढून टाकलेस, पैसे काय झाडाला लागतात?" सुनबाईंना गाडीत चढताना आता पायरी लागणार याची काळजी. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आई एवढेच विचारते, "सगळे खरे, पण ती थांबेल ना रे पहिल्यासारखी?"

या सभेत सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न आईचा आहे. मोठे टायर घातले तर ब्रेकही मोठे घालावे लागतात का? दुकानदार म्हणतो, "काही होत नाही साहेब, शेकडो गाड्यांना बसवले." शेजारचे जाणकार म्हणतात, "ब्रेक बदलल्याशिवाय गाडी हलवूच नका." दोघांनाही हिशेब विचारला तर दोघेही आकाशाकडे पाहतात. हा हिशेब अवघड नाही. सातवीतले गणित आणि घरातले एक दार एवढ्यावर तो भागतो.

ही हौस आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ साली, अमेरिकेतल्या विलीज कंपनीची छोटी लष्करी मोटार रणांगणावर धावू लागली. तीच पुढे जीप म्हणून जगभर गेली. तिचे टायर सोळा इंची रिमवर बसणारे, अरुंद, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंत सुमारे २८ इंचांचे. ब्रेक चारी चाकांना, नऊ इंची ड्रमचे. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईला माझगावात महिंद्र मंडळींनी या जीपची जुळणी सुरू केली, आणि मामलेदारापासून धरणाच्या इंजिनियरापर्यंत साऱ्या महाराष्ट्राने तिच्यातून धूळ खाल्ली. तिच्याच वंशातली 'थार' २०१० साली आली. तिचा नवा अवतार २०२० साली आला, आणि जीप ही सरकारी गाडी न राहता घरातली गाडी झाली.

मोठ्या टायरची मागणी निव्वळ थाटासाठी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. जीपच्या पोटाखाली सर्वांत खाली लोंबतो तो ॲक्सलचा गोळा. खडकाळ वाटेवर तोच आधी आपटतो. गाडी उंच करण्याचे बाकी सारे उपाय केले तरी हा गोळा वर उचलायला एकच मार्ग, मोठे चाक. टायर चार इंचांनी मोठा घेतला की ॲक्सल दोन इंचांनी वर जातो. शिवाय चिखलात, वाळूत मोठा टायर जास्त जागेवर भार पसरतो आणि कमी रुततो. तिकडे आइसलँडमध्ये बर्फाच्या पठारांवर जाणारे लोक ४४ इंची टायर लावतात आणि त्यातली बहुतेक हवा काढून टाकून बर्फावरून अलगद तरंगत जातात. तेव्हा गरज असेल तिथे मोठा टायर हे शहाणपणच आहे. फक्त या शहाणपणाचे बिल ब्रेकच्या नावावर किती फाडले जाते, एवढे पाहायचे.

बिजागरीचे गणित

घरातले एखादे दार घ्या. बिजागरीपासून वीतभर अंतरावर तुम्ही हात टेकवून दार धरून ठेवा, आणि घरातल्या सात वर्षांच्या बाळाला दाराच्या कडेला, कडीपाशी, ढकलायला सांगा. बाळ तुम्हाला हरवील! त्याची ताकद थोडी, पण बिजागरीपासून त्याचे अंतर मोठे. तुमची ताकद जास्त, पण अंतर थोडे.

चाकाचेही असेच आहे. ब्रेकचे पॅड डिस्कला धरतात ते चाकाच्या मध्यापासून वीतभर अंतरावर. रस्ता चाकाला फिरवतो तो मात्र टायरच्या कडेवरून, म्हणजे बरेच लांबून. टायर मोठा केला की रस्त्याची जागा आणखी लांब गेली. पॅड होते तिथेच राहिले. बाळ कडीपासून अजून मागे सरकले, आणि तुमचा हात तिथल्या तिथे! यातच सगळे आले: टायर मोठा झाला की ब्रेक न बदलताही लहान होतो.

किती लहान? टायरचा व्यास जेवढ्या पटीने वाढला तेवढ्याच पटीने. सध्याच्या तीन दारांच्या थारला कारखान्यातून मिळणारा मोठा टायर म्हणजे २५५/६५ आर १८. हे आकडे मंत्रासारखे वाटतात, पण त्यांचा अर्थ सोपा आहे: रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १८ इंचांचा. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रिम यांची बेरीज केली की उंची येते ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. त्याच्या जागी ३३ इंची टायर लावला तर व्यास सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो, ३५ इंची लावला तर जवळजवळ १३ टक्क्यांनी. म्हणजे ३५ इंची टायरवर गाडी पूर्वीइतकीच रोखायची तर ब्रेकवर १३ टक्के जास्त जोर हवा. पाय पूर्वीइतकाच दाबला तर रोखणारी ताकद ११ टक्क्यांनी कमी मिळते.

उलट उदाहरणही पाहावे. २०२३ साली आपल्याकडे आलेल्या मारुतीच्या जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ हा ६९३ मिलिमीटरचा. हौशी मंडळी त्याऐवजी २१५/७५ आर १५ लावतात. तो साडेसातशेच्या वगैरे घरात असेल असे वाटते, प्रत्यक्षात भरतो अवघा ७०४. वाढ दीड टक्क्याची! एवढ्या वाढीसाठी ब्रेक बदलायला निघणे म्हणजे नखासाठी कुऱ्हाड आणणे. तेव्हा टायर 'मोठा' घेतला असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न हा, की किती टक्क्यांनी? आकड्यांत दडलेली खरी वाढ डोळ्यांना दिसणाऱ्या वाढीहून पुष्कळदा वेगळी असते. खाचा खोल आणि कडा राकट असल्या की टायर उगीचच थोराड दिसतो.

काट्याची थाप

दुसरी गंमत स्पीडोमीटरची. गाडीचा काटा वेग मोजतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून. चाक मोठे झाले की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. बिचाऱ्या काट्याला त्याचा पत्ता नसतो. कारखान्यातून येणारा काटा सहसा खऱ्याहून थोडा जास्तच वेग दाखवतो, त्यामुळे दोन-तीन टक्के वाढ त्यात मुरून जाते. पण ३१ च्या जागी ३५ इंच आले, की काटा ८० म्हणतो तेव्हा गाडी ९० ने धावत असते.

दहाचाच तर फरक, असे कुणी म्हणेल. परंतु धावत्या गाडीत साठलेली शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ८० च्या जागी ९० म्हणजे शक्ती सव्वापटीहून थोडी अधिक. आता दोन्ही हिशेब एकत्र करा. थांबवायची शक्ती २७ टक्के जास्त, रोखणारी ताकद ११ टक्के कमी. चालकाने काट्यावर ८० पाहून सवयीने नेहमीइतकाच पाय दाबला, तर गाडी थांबायला पूर्वीपेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त अंतर लागेल. पूर्वी जी ५० मीटरवर थांबली असती ती आता सत्तराच्या पुढे जाऊन थांबेल. मधल्या वीस मीटरांत एक बैलगाडी आणि शाळेतून परतणारी चार पोरे सहज मावतात.

पाय जास्त दाबला तर? तर अर्थातच अंतर कमी होईल. पण पायाला सवय असते ती जुन्या गाडीची. म्हणून मोठे टायर घातल्यावर काटा नव्याने जुळवून घेणे आणि पायाला नवी सवय लावणे, ही दोन कामे ब्रेक बदलण्याच्या आधीची आहेत.

वजनाचा बागुलबुवा

जाणकार मंडळी सर्वांत जास्त बाऊ करतात तो वजनाचा. मोठा टायर जड असतो हे खरे. शिवाय तो फिरणारा असल्याने त्याला थांबवताना त्याची पुढे धावण्याची ओढही मोडायची आणि स्वतःभोवती फिरण्याचीही. टायरचे वजन कडेला एकवटलेले असल्यामुळे, ब्रेकच्या दृष्टीने ते जवळजवळ दुप्पट धरावे लागते. प्रत्येक चाकामागे दहा किलो वाढले असे समजू. चार चाकांचे चाळीस, दुप्पट केले की ऐंशी. म्हणजे गाडीत एक धष्टपुष्ट मामा जास्त बसला इतकेच! पावणेदोन टनांच्या गाडीला एका मामाने ब्रेक बदलावा लागत नाही. पण हौस टायरवर थांबत नाही. मागून लोखंडी बंपर येतो, छतावर जाळी येते, विंच येते, जादा चाक येते. आणि मग एका मामाचे अख्खे वऱ्हाड होते. ब्रेकला जाचतो तो हा गोतावळा.

थांबवतो कोण?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरच दुकानदाराचा आणि जाणकाराचा निम्मा वाद उभा आहे. ब्रेक थांबवतो ते चाक. गाडी थांबवतो तो टायर, रस्त्याला धरून. चाक अगदी घट्ट आवळले तरी टायर घसरला तर गाडी पुढे जाणारच.

आजच्या बहुतेक गाड्यांना एबीएस ही व्यवस्था असते. जोराने ब्रेक दाबला आणि चाक अडकू लागले की ती ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते. पायाखाली पेडल थरथरते ते त्यामुळे. याचा अर्थ असा की पेडल थरथरू लागले तेव्हा ब्रेकची ताकद टायरच्या पकडीला पुरून उरली. आधुनिक गाडीच्या ब्रेकमध्ये अशी थोडी शिल्लक असते. ३३ इंची टायर लावूनही कोरड्या सपाट डांबरी रस्त्यावर जोराने ब्रेक मारला आणि पेडल थरथरले, तर एकदा थांबण्यापुरता तो ब्रेक पुरेसा आहे. त्याच्या जागी दुप्पट मोठा ब्रेक बसवला तरी ती गाडी हातभरही अलीकडे थांबणार नाही. दुकानदाराचे 'काही होत नाही' इथवर खरे आहे.

उलटपक्षी चिखलासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा मोठ्या, म्हणून डांबराला टेकणारे रबर कमी. ओल्या डांबरावर असा टायर रस्त्याच्या साध्या टायरपेक्षा कमी धरतो. पहिल्या पावसात जीप घसरली की मालक ब्रेकला शिव्या देतो. अपराधी बहुधा टायर असतो. तिथे मोठा ब्रेक घेऊन उपयोग नाही. वेग कमी ठेवणे किंवा रस्त्याला शोभेल असा टायर निवडणे हेच औषध.

खरी परीक्षा घाटात

एकदा थांबणे निराळे, आणि तासभर रोखत राहणे निराळे. मोठ्या टायरची खरी परीक्षा उतारावर होते. आपल्या महाराष्ट्रात तर उताराला तोटा नाही. मुलेबाळे, सामानसुमान घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी घ्या. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर, पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी कोकणात. उतरण बाराशे मीटरांची तरी धरू. माणसांसह गाडीचे वजन २२०० किलो धरले, तर एवढे वजन एवढे खाली आणताना सुटणारी शक्ती सात युनिट विजेइतकी होते. घरातला दोन हजार वॉटचा गिझर साडेतीन तास अखंड चालवावा, इतकी ती उष्णता! हीच गाडी ८० च्या वेगावरून एकदा थांबवली तर एका युनिटचा सुमारे सातवा हिस्सा ब्रेकमध्ये जातो. म्हणजे हा एक घाट उतरणे हे हिशेबाने ८० च्या वेगावरून जवळजवळ पन्नास वेळा थांबण्यासारखे आहे.

सुदैवाने ही सारी उष्णता ब्रेकला गिळावी लागत नाही. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण चांगला मोठा वाटा उचलते. उरलेले दोघांत वाटले जाते, इंजिनात आणि ब्रेकमध्ये. इंजिनाने किती घ्यायचे ते गिअर ठरवतो. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरणारी गाडी इंजिन मागे खेचून धरते. आणि इथेच मोठा टायर हळूच दगा देतो. दाराचा नियम इंजिनालाही लागू. चाक १३ टक्के मोठे झाले की प्रत्येक गिअर तेवढाच सैल पडतो. पूर्वी जो दुसरा गिअर गाडीला धरून ठेवी तो आता तिला मोकळी सोडतो, आणि ती उणीव भरून काढायला चालकाचा पाय ब्रेकवर जातो. ब्रेक आधीच जागच्या जागी लहान झालेला; वर त्याच्या डोक्यावर इंजिनाच्या वाट्याचे काम!

अमेरिकेत जीप कंपनीने २०२१ साली 'रँग्लर रुबिकॉन'ला कारखान्यातूनच ३५ इंची टायर देऊ केले, तेव्हा त्यासोबत ॲक्सलमधल्या गिअरचे प्रमाणही ४.१० वरून ४.५६ केले. चाक वाढवताना बनवणाऱ्याला गिअरची आठवण झाली. आपल्याकडे टायरच्या दुकानात ती कुणालाच होत नाही.

ब्रेक तापला म्हणजे नेमके होते काय? आधी पॅडमधला चिकटा जळू लागतो, करपल्यासारखा वास येतो आणि पकड कमी होते. मागे ड्रम असतील तर तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल जास्त खोल जाते. सर्वांत घातक म्हणजे ब्रेक ऑईल उकळणे. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले तेच तेल १४० अंशांवरही उकळू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. पाय थेट खाली टेकतो, गाडीला त्याची दादही नसते. आपला चार महिन्यांचा पावसाळा आणि कोकणातली दमट हवा लक्षात घेता, दोन वर्षांत एकदा हे तेल बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे नव्हे. घाटात ब्रेक 'फेल' झाला असे आपण म्हणतो त्या पुष्कळ प्रसंगी ब्रेक नव्याने बिघडलेला नसतो. जुने तेल त्या दिवशी प्रथमच उकळलेले असते.

मग बदलायचा की नाही?

आता आईच्या प्रश्नाला उत्तर देऊ. सरसकट 'हो' नाही, सरसकट 'नाही'ही नाही. वाढ किती आणि गाडी कोणती, यावर ते ठरते.

टायरची उंची मूळ टायरपेक्षा तीन टक्क्यांच्या आत वाढली असेल, तर ब्रेक बदलण्याचे कारण नाही. आहे तो ब्रेक धडधाकट ठेवावा, एवढे पुरे.

वाढ पाच ते सात टक्क्यांच्या घरात असेल, म्हणजे ३१ चे ३३ इंच असा प्रकार असेल, तर आधुनिक डिस्कब्रेकच्या गाडीला ब्रेक तोच चालेल, पण तो नव्यासारखा हवा. ताजे ऑईल, चांगल्या प्रतीचे पॅड, गुळगुळीत डिस्क, आणि घाटात एक गिअर खाली. त्यात बंपर, विंच, जाळी यांचे वऱ्हाड चढवायचे असेल तर मात्र पुढच्या पायरीचा विचार करावा.

वाढ दहा टक्क्यांच्या पुढे गेली, की ब्रेकचा खर्च टायरच्या खर्चातच धरावा. 'टायर या दिवाळीला, ब्रेक पुढच्या दिवाळीला' असा हप्ता येथे चालत नाही. दोन्ही एकाच वेळी, नाही तर दोन्ही नाहीत.

आणि जुन्या जीपबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. आजोबांच्या काळातली, नऊ इंची ड्रमची, बूस्टर नसलेली आणि चारी चाकांना एकाच नळीने तेल पुरवणारी जीप सजवण्याची हौस हल्ली पुष्कळांना आहे. तिच्या ब्रेकमध्ये शिल्लक अशी जवळजवळ नव्हतीच; २८ इंची अरुंद टायरवर आणि त्या काळच्या वेगाला तो जेमतेम पुरे. तिला ३१ इंची टायर चढवायचे तर पुढे डिस्क आणि दोन स्वतंत्र नळ्यांचा मास्टर सिलिंडर हवा. एक नळी फुटली तर उरलेली दोन चाके तरी धरतील!

बदलायचा तर कसा?

ब्रेक बदलणे म्हणजे लाल रंगाचा मोठा कॅलिपर बसवणे नव्हे. डिस्कचा व्यास टायरच्याच पटीने वाढवला की दाराचे गणित पुन्हा जमते. मोठी डिस्क उष्णताही जास्त पोटात घेते. मात्र मोठी डिस्क रिमच्या आत मावली पाहिजे. काही मिस्त्री नुसता मास्टर सिलिंडर बदलतात. त्याचा दट्ट्या लहान घेतला की दाब वाढतो, पण पेडल जास्त खोल जाते. कारण एका हाताने मिळवले ते दुसऱ्या हाताने द्यावेच लागते.

पुढचे ब्रेक वाढवले आणि मागचे तसेच ठेवले तर दोघांतला मेळ बिघडतो. गाडी उंच केलेली असली तर ब्रेक मारताना तिचे नाक अधिकच झुकते आणि मागची चाके हलकी पडतात. उंच केलेल्या गाडीला ब्रेकच्या रबरी नळ्याही लांब लागतात. खड्ड्यात चाक खाली लोंबले आणि नळी ताणून तुटली, तर सगळे गणित फुकट. म्हणून हे काम बाजारातले सुटे भाग जमवून करण्याचे नाही. त्या गाडीसाठीच बनवलेला पूर्ण संच घ्यावा, आणि हात ओळखीच्या, जाणत्या मेकॅनिकचा असावा.

काम झाल्यावर मोकळ्या, सपाट जागेत, मागेपुढे कुणी नसताना, ४० च्या वेगाने जाऊन जोराने ब्रेक दाबून पाहावा. गाडी सरळ थांबते का? पेडल थरथरते का? मग एखादा छोटा घाट उतरून खाली थांबावे. पेडल होते तितकेच उंच आहे का, करपल्याचा वास येतो का, पाहावे. ही परीक्षा एकट्याने द्यावी. कुटुंब तिच्या निकालानंतर गाडीत बसावे.

कायद्याचे बोट

एक बाजू अजून उरली, ती कायद्याची. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनाला येईल तसे फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले, की नोंदणीत असलेल्या, बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरचा जो आकार छापलेला असतो, किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनी स्वतः जो देते, तोवरची वाट निर्धोक. त्यापुढे जायचे असेल तर परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. अपघातानंतर विमावाल्याने टायरची मापे काढली, तर 'दुकानदार म्हणाला होता' हे उत्तर तिथे चालत नाही.

घाट उतरताना

शेवटी, टायर कोणतेही असोत, ब्रेक जुना असो वा नवा, दिवाळीच्या सुटीत घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने पाळाव्यात अशा चार गोष्टी. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम; चाके मोठी असतील तर त्याच्याही एक खाली. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. वाचलेल्या रुपयांत ब्रेकचे पॅडही येत नाहीत. पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवू नये. थोडा वेळ चांगला दाबावा, वेग उतरला की सोडावा, म्हणजे ब्रेकला श्वास घ्यायला उसंत मिळते. आणि करपल्याचा वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर रस्त्याकडेला रुंद जागा पाहून गाडी थांबवावी, अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, डिस्क वाकते.

चिरंजीवांनी हौस जरूर करावी. तरुणपणी नाही करायची तर कधी? पण टायरच्या दुकानात जाताना खिशात पैशांबरोबर एक कागद आणि पेन्सिलही असावी. जुन्या टायरची उंची, नव्याची उंची, आणि त्यातली टक्केवारी. दोन मिनिटांचे काम. आकडा तीनच्या आत आला तर घरी येऊन निर्धास्तपणे सांगावे, "हो आई, थांबेल." तो दहाच्या पुढे गेला, तर हे वाक्य म्हणायचा अधिकार ब्रेकचे बिल चुकते केल्यावरच मिळतो.